हॉबी ऑडिओ मेळावा आटोपल्यावर आभार कसे मानावेत

आभाराची वही मेळाव्याच्या आदल्या दिवशी उघडा. मेळावा संपल्यावर उघडली, तर मंचावर दिसलेल्यांचीच नावं तिच्यात येतात. पहाटे सतरंज्या कोणी झटकल्या, अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी कोणी ओतलं, हे सोमवारपर्यंत कोणाला आठवत नाही.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातलं, कापूस-तुरीचा भाग. मी शाळेत विज्ञान शिकवते आणि घरी स्पीकरच्या पेट्या बनवते. कापसाचा मोठा वेचा आटोपला की हिवाळ्यात आम्ही समाजमंदिरात दोन दिवस बसतो. घरी बनवलेले अँप्लिफायर आणि स्पीकर, दुरुस्त करून जिवंत केलेले व्हॉल्व्हचे, म्हणजे आत तापणाऱ्या काचेच्या नळ्या असलेले रेडिओ, रेकॉर्ड प्लेअर असं सगळं तिथे मांडलेलं असतं. नागपूर, अमरावती, यवतमाळकडून छंदी मंडळी येतात आणि गावातले लोक ऐकायला बसतात. तिकीट नाही, मानधन नाही. पुढच्या वर्षी माणसं पुन्हा हात लावायला येतील की नाही, हे यंदा आपण त्यांना कसं वागवलं यावर ठरतं. म्हणून आभार हे काम समजून करायचं आणि त्याला माणूस नेमायचा. आमच्याकडे ते काम माझ्याकडे आहे.

वहीत काय लिहायचं

वही मुख्य आयोजकाकडे देऊ नका, त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. आम्ही ती दहावीतल्या एका मुलीकडे देतो. ती सगळीकडे फिरते, सगळ्यांशी बोलते आणि तिला कोणी कामाला जुंपत नाही. तिला तीनच गोष्टी लिहायला सांगा: कोण, काय केलं आणि त्यानं काय झालं. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि तीच लोक लिहायची सोडतात.

नोंदी अशा असाव्यात:

"शनिवार सकाळ. बिछायत केंद्रवाले काका. तीन जाड पडदे जास्तीचे दिले, त्याचे पैसे घेतले नाहीत. मागच्या भिंतीला लावल्यावर हॉलचा घुमारा कमी झाला, गाण्याचे शब्द कळू लागले."

"रविवार दुपार. पांढऱ्या टोपीतले आजोबा, मारुतीच्या देवळाजवळ राहतात, नाव विचारायचं आहे. लहान पोरांना व्हॉल्व्हच्या टेबलाजवळ येऊ दिलं नाही, जेवायलासुद्धा उशिरा गेले."

दुसरी नोंद वाचून कोणाला वाटेल, त्यात काय मोठं. व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरमध्ये 300 व्होल्टच्या आसपास डीसी असतो. बंद केल्यावरही वीज साठवणाऱ्या कॅपॅसिटरमध्ये चार्ज काही वेळ राहू शकतो. काच तर हात भाजेल इतकी तापते. आजोबा तिथे उभे होते म्हणून आम्ही निवांतपणे ऐकत बसलो होतो. त्यांचं नाव त्याच संध्याकाळी विचारून वहीत भरलं पाहिजे.

बायकांची नावं लिहिताना विशेष काळजी घ्या. आपल्याकडे यादीत "अमक्याच्या मिसेस", "पाटलीणबाई", "बचत गटाच्या महिला" असं लिहून मोकळे होतात. स्वयंपाकाला नऊ जणी असतील तर नऊ नावं लिहा, प्रत्येकीचं स्वतःचं. आणि ती कशी लिहायची हे त्यांनाच विचारा.

आभार प्रदर्शन शेवटी ठेवू नका

कार्यक्रमाच्या शेवटी आभार ही आपली ठरलेली रीत आहे. ऑडिओ मेळाव्यात ती चालत नाही. रविवारी चार वाजले की नागपूरवाले गाड्यांमध्ये पेट्या भरायला लागतात, काहींचं लक्ष एसटीच्या वेळेवर असतं. ज्यांचे आभार मानायचे ती पोरं नेमकी त्याच वेळी वायरी गुंडाळत टेबलाखाली असतात. माइकवर त्यांचं नाव घेतलं जातं आणि ऐकायला ती समोर नसतात.

आम्ही आभार रविवारच्या जेवणानंतर लगेच मानतो. पोटात रोडगे-वांग्याची भाजी आणि वरण गेलेलं असतं, सगळे एका जागी बसलेले असतात, कोणाला घाई नसते. स्वयंपाक करणाऱ्यांनाही बोलावून आधी बसवायचं. गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजता भाजता त्यांचे डोळे धुरानं लाल झालेले असतात. त्या बसल्याशिवाय माइक हातात घ्यायचा नाही.

बोलणं दहा मिनिटांत संपवा. पन्नास नावं सलग वाचली की एकही कानात राहत नाही. वहीतून सात-आठ नोंदी निवडा आणि त्या जशा लिहिल्या आहेत तशा सांगा. निवडताना एकच कसोटी लावा: जे लोकांना दिसलं नाही ते आधी. स्पीकर बनवणाऱ्याला त्याच्या टेबलावर दोन दिवस शाबासकी मिळालेली असते. जनरेटरमध्ये रात्री डिझेल टाकणाऱ्याला कोणी पाहिलेलं नसतं. बाकीची सगळी नावं मोठ्या अक्षरात लिहून समाजमंदिराच्या फळ्यावर लावा. लोक ती उभं राहून वाचतात, आपलं नाव सापडलं की शेजाऱ्याला दाखवतात.

शाल आणि नारळाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. वीस शाली घेण्यात जेवढे पैसे जातात, तेवढ्यात पुढच्या वर्षाच्या चांगल्या एक्स्टेंशन बोर्डांची सोय होते. शिवाय शाल पाच जणांना दिली की सहावा का नाही, हा प्रश्न गावात वर्षभर फिरतो. सरपंचांचा मान ठेवायचा असेल तर त्यांना एक चांगला रेडिओ स्वतःच्या हातानं सुरू करू द्या. स्टेशन लागलं आणि आवाज हॉलभर गेला की त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं ते शालीनं कधी दिसलं नाही.

मधली खुर्ची

ज्यांनी मेळावा उभा केला त्यांना मेळावा ऐकायलाच मिळत नाही. मला हे फार लागतं. दोन दिवस टेबलं उचलायची, पाणी भरायचं, गाड्या लावायला जागा दाखवायची, आणि ऐकायचं ते दारातून जाता-येता.

स्टिरिओ नीट ऐकायचा तर दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावर, साधारण समभुज त्रिकोणाच्या टोकाला बसावं लागतं. एका बाजूला सरकलं की जवळच्या स्पीकरचा आवाज आधी पोहोचतो आणि मध्ये उभा असलेला गायक त्या बाजूला सरकल्यासारखा वाटतो. म्हणजे प्रत्येक जोडीसमोर खरी जागा एकच, मधल्या खुर्चीची. त्या खुर्चीसाठी बाहेरून आलेले लोक रांग लावतात.

म्हणून शनिवारी संध्याकाळी सात ते नऊ दारं फक्त स्वयंसेवकांसाठी उघडी ठेवा. ज्यानं जे काम केलं त्याला त्या खुर्चीत बसवा आणि गाणं त्याच्या पसंतीचं लावा. भजन म्हणाला तर भजन, लावणी म्हणाला तर लावणी, जुनं सिनेमाचं गाणं म्हणाला तर ते. यात बनवणाऱ्यानं नाक मुरडू नये, हे आधीच सगळ्या टेबलांना सांगून ठेवा. गावातले पंपाच्या मोटरी गुंडाळणारे एक भाऊ आहेत. आमच्या एका मुलानं ईएल84 या व्हॉल्व्हच्या जोडीचा अँप्लिफायर बांधला, त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे व्हॉल्व्हचा सिग्नल स्पीकरला जुळवून देणारा, त्यांनी गुंडाळून दिला. व्हॉल्व्हच्या बाजूची गुंडाळी (प्रायमरी) आणि स्पीकरच्या बाजूची (सेकंडरी) यांच्या फेऱ्यांचं गुणोत्तर 31.6 ला 1 च्या आसपास ठेवायचं. शिवाय प्रायमरी-सेकंडरी एकाआड एक थरांत घालायची, म्हणजे वरचे सूर दबत नाहीत. मोटरीच्या कामापेक्षा हे फार किचकट काम. त्यांना मधल्या खुर्चीत बसवून खंजेरीवरचं भजन लावलं. गाणं संपल्यावर ते उठले नाहीत. म्हणाले, "मॅडम, हे माह्याच तारीतून येऊन रायलं का जी?" मुलानं अँप्लिफायर वळवून त्यांनी गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर दाखवला. पुढचा ट्रान्सफॉर्मर त्यांनी आपणहून मागून घेतला.

रात्री नऊ म्हणजे नऊ. उघड्यावरच्या लाउडस्पीकरला रात्री 10 ते सकाळी 6 बंदी आहे, हे 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे. आपण बंद हॉलमध्ये असलो तरी शेजारच्या घरांची झोप तीच असते. वेळेत थांबणं हेही त्या घरांचे आभारच. पोलीस ठाण्यातून परवानगी घेतली असेल तर कार्यक्रम वेळेत संपल्याचं दोन ओळींचं पत्र सोमवारी तिथे देऊन या.

आधी वस्तू, मग शब्द

शाळेचे बाक, शेजाऱ्यांच्या चादरी, भजनी मंडळाच्या सतरंज्या, कोणाची तरी शिडी: हे सगळं परत गेल्याशिवाय कोणाला धन्यवाद म्हणू नका. ज्याची शिडी तीन दिवस आपल्या अंगणात पडली आहे त्याला आभाराचा मेसेज पाठवला तर तो चिडतोच. भांडी घासून द्या, सतरंज्या झटकून घडी करून द्या, बाक ज्या वर्गातले त्या वर्गात ठेवा. बिछायतवाल्यांसमोर सामान मोजून द्या आणि पैसे त्याच संध्याकाळी द्या.

वायरी परत करताना त्या कोपर आणि अंगठ्याभोवती आवळून गुंडाळू नका. आतली तार पिळली जाते आणि काही महिन्यांनी प्लगजवळ तुटते. एक वेढा सरळ, पुढचा उलटा, अशी गुंडाळा, म्हणजे पुढच्या वेळी फेकली तरी गाठ पडत नाही. टोकाला मालकाच्या नावाची चिठ्ठी चिकटवा.

बचत गटाला स्वयंपाकाचे पैसे देतो म्हणून आभार नकोत, असं काहींना वाटतं. दुसरीकडे काही जण आभार मानून पैसे लांबवतात. दोन्ही चूक. ठरलेली रक्कम पूर्ण आणि वेळेवर द्या, आणि वर घरी जाऊन सांगा की ऐंशी माणसांत एकालाही रोडगा कच्चा लागला नाही.

वर्गणीचा हिशेब आठवड्याच्या आत फळ्यावर लावा. शंभर रुपये देणाऱ्यालाही ते कुठे गेले हे दिसलं पाहिजे.

पत्र

हातानं लिहिलेलं पत्र द्या, छापील नको. पोस्टानं नको, स्वतः नेऊन द्या. पत्रात "आपल्या मोलाच्या सहकार्याबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत" हे वाक्य घालू नका. ते कोणालाही पाठवता येतं, म्हणून ते कोणाचंच नसतं. वहीतली तिसरी गोष्ट घ्या आणि तिच्यावर पत्र बांधा.

आमच्या समाजमंदिराला लागून पिठाची चक्की आहे. मोटर सुरू झाली की व्होल्टेज खाली बसतं आणि भिंतीतून घरघर येते ती वेगळीच. चक्कीवाले दादा रविवारी दोन तास चक्की बंद ठेवतात. त्यांना दिलेलं पत्र असं होतं:

"दादा, रविवारी 11 ते 1 तुम्ही चक्की बंद ठेवली. रविवार हा तुमच्या दळणाचा मोठा दिवस, हे आम्हाला ठाऊक आहे. त्या दोन तासांत व्हॉल्व्हचे तीन अँप्लिफायर वाजले. व्होल्टेज हललं नाही. सारंगीचा अगदी हळू वाजलेला भाग मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या माणसांनाही ऐकू गेला. ज्यांचं दळण सोमवारवर गेलं त्यांनाही आमचे आभार सांगा."

पत्र वाचून ते म्हणाले, "इतकं काय झालं जी, दोन घंटे तं बंद होती." पण ते पत्र चक्कीच्या भिंतीवर लागलं, आणि दळणाला येणाऱ्या बायका ते वाचतात.

वायरमन भाऊंना लिहिताना तांत्रिक गोष्टही साध्या शब्दांत सांगा. एका टेबलाला एकीकडून अर्थ आणि दुसऱ्याला दुसरीकडून मिळाला, की दोन अँप्लिफायर जोडताच सिग्नलच्या वायरीवरच्या धातूच्या जाळीतून करंट फिरतो आणि 50 हर्ट्झचं हमिंग येतं. त्यांनी सगळ्या टेबलांना एकाच जागेवरून लाइन आणि अर्थ दिला. कोळसा-मीठ घातलेल्या खड्ड्यात पाणी टाकायला सांगितलं, कारण आपली काळी जमीन सुकली की भेगाळते आणि अर्थिंग कमजोर होतं. पत्रात एवढंच लिहा: "गाणं थांबल्यावर हॉलमध्ये शांतता होती, स्पीकरमधून घूं असा आवाज आला नाही, हे तुमच्या कामामुळे." वायरमनला याहून चांगलं काही सांगता येणार नाही.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फुलांची आणि हात जोडलेली चित्रं टाकून हे काम होत नाही. टाकायचाच तर काम करतानाचा फोटो टाका, विचारून टाका, आणि खाली नाव व काम लिहा.

ऐकायला आलेल्यांनी काय करावं

"छान वाजतंय" एवढंच ऐकून बनवणाऱ्याचं पोट भरत नाही. पेटीला त्यानं महिनोन् महिने पॉलिश पेपर मारलेला असतो. तुम्ही काय ऐकलं ते सांगा. कोणतं गाणं होतं, कुठे थांबावंसं वाटलं, काय खटकलं. खटकलेलंही सांगा, पण आधी विचारून, आणि लोकांसमोर नको.

आम्ही प्रत्येक टेबलाजवळ कोऱ्या चिठ्ठ्या, पेन आणि एक डबा ठेवतो. बोलायला लाजणारी माणसं लिहितात. एका शेतकरी काकाजींनी लिहिलं होतं, "सनईवाल्यानं मधात श्वास घेतला तो ऐकू आला." दुसऱ्या एका चिठ्ठीत होतं, "ढोल फुगल्यासारखा वाटते, पण बाईचा आवाज अस्सल." बनवणाऱ्यासाठी दुसरी चिठ्ठी जास्त कामाची आहे. पेटीचं पोर्ट ट्यूनिंग (पेटीतल्या हवेच्या भोकाची जुळवणी) किंवा भिंतीपासूनचं अंतर तपासायला हवं, हे तिनं सांगितलं. ज्याला लिहिता येत नाही त्याचं ऐकून वहीवाली मुलगी लिहून घेते. संध्याकाळी डबे न उघडता बनवणाऱ्यांच्या हातात द्या, ते घरी जाऊन वाचतात.

ज्याचं यंत्र वाजलंच नाही त्याला विसरू नका. टीडीए2030 या अँप्लिफायर चिपचा पहिलावहिला बोर्ड घेऊन आलेलं पोरगं, बोर्ड घरघरतो, कान लाल होतात त्याचे. त्याच्याजवळ जाऊन बसा, सगळे ग्राउंड एका बिंदूवर कसे आणायचे ते दाखवा, आणि येताना भीती न बाळगता आणलं याबद्दल त्याचे नाव घेऊन आभार माना. दोन वर्षांनी मधल्या खुर्चीसमोर त्याचेच स्पीकर असतात.

ज्यांना आपण भेटणार नाही

टेबलावरच्या कार्डावर वस्तू कोणी बनवली हे असतंच. त्याखाली आराखडा कोणाचा, हेही लिहायला लावा. आपण फुकट मिळालेल्या ज्ञानावर उभे आहोत. ब्रिटिश इंजिनिअर डी. टी. एन. विल्यमसन यांनी 1947 साली आपला अँप्लिफायर मासिकात छापून सगळ्यांसाठी खुला केला, आणि जगभरच्या छंदी लोकांनी तो घरी बांधला. आपण आज पेटीचा आकार मोबाइलवर क्षणात काढतो, त्यामागे ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांचं 1961 चं काम आहे आणि 1970 च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी ते पुढे नेलं. नेल्सन पास यांच्यासारखे नावाजलेले डिझायनर आजही घरी बांधणाऱ्यांसाठी सर्किटं देतात. कार्डावर हे नाव लिहिलं की शाळेतली पोरं विचारतात, हे कोण, आणि मग सांगता येतं.

सॅन फ्रान्सिस्कोला बर्निंग अँप नावाचा असाच घरी बांधणाऱ्यांचा मेळावा भरतो. तिथे लोक आपल्याकडचे पार्ट देतात आणि सोडत काढून ते वाटले जातात. आम्हीही ते उचललं. पण पार्ट देणाऱ्याचे आभार त्याच दिवशी पूर्ण होत नाहीत. ज्याला ट्रान्सफॉर्मर मिळाला त्यानं सहा महिन्यांत तो कशात बसवला याचा फोटो देणाऱ्याला पाठवायचा, अशी अट सोडतीच्या वेळीच घाला. कपाटात धूळ खाणारी वस्तू कुठेतरी वाजते आहे हे कळलं की देणारा पुढच्या वर्षी आणखी काही घेऊन येतो.

कोणाचं नाव राहिलं तर

राहतंच. कळलं की त्याच दिवशी त्यांच्या घरी जा. फोन नको, दुसऱ्याच्या हाती निरोप नको. कारणं सांगत बसू नका. त्यांनी काय केलं ते त्यांच्या घरच्या माणसांसमोर सांगा, आणि फळ्यावरच्या यादीत नाव वर लिहा, तळाला कोंबू नका.

गावाचे आभार: दुरुस्तीचा दिवस

गावानं हॉल दिला, शांतता दिली, पाणी दिलं. त्याला पत्र पुरत नाही. आपल्या हातात सोल्डरिंग आयर्न आहे, त्यानंच फेडावं. मेळाव्यानंतरच्या एका रविवारी आमची मंडळी त्याच समाजमंदिरात मल्टिमीटर घेऊन बसतात. भजनी मंडळाचं माइक-मशीन, शाळेच्या परिपाठाचा स्पीकर, म्हाताऱ्या माणसांचे आकाशवाणी ऐकायचे रेडिओ, असं सगळं येतं. बहुतेक वेळा दोष साधा असतो: माइकच्या पिनेजवळ तुटलेली वायर, कचरा भरलेला व्हॉल्यूम कंट्रोल, फुगलेला कॅपॅसिटर, सेलच्या पाण्यानं खाल्लेली पट्टी. प्रत्येक वस्तूला नावाची चिठ्ठी बांधा, काय बदललं ते तिच्यावर लिहा. मोबाइल, टीव्ही आणि पंपाचे स्टार्टर घेऊ नका. ते त्या त्या कामातल्या माणसाकडे जाऊ द्या. मजुरी घ्यायची नाही, पार्टचे पैसे ज्याचे त्यानं द्यायचे.

आणि हा दिवस ठरवण्याआधी गावातल्या रेडिओ-मिक्सर दुरुस्तीवाल्याला जाऊन भेटा. त्याच्या पोटावर पाय येऊ नये. तो हो म्हणाला तरच करा, पार्ट त्याच्याच दुकानातून घ्या, आणि बसायला मधली जागा त्याला द्या.